सहाच्या वॉर्डातलं पहिलं नाव

इस्पितळाच्या संगणकावर यादी काढणारी क्वेरी चालवण्यासाठी पुढे नेलेलं बोट तिनं मागे घेतलं. सहा नंबरच्या वॉर्डात दोघांचे धोक्याचे गुण सारखे होते. खाट तीन, निवृत्त मास्तर, अकरा. खाट चार, तिचे बाबा, अकरा.

रोज सकाळी आठला ती ही यादी काढायची. रुग्णांचे वॉर्डांप्रमाणे गट पाडायचे, धोक्याच्या गुणांनी उतरत्या क्रमानं लावायचे, प्रत्येक गटातला फक्त पहिला उचलायचा. मोठे डॉक्टर आधी त्यालाच बघत. काम सरळ होतं. पण मागच्या आठवड्यात थोरल्या सिस्टर सहज बोलून गेल्या आणि तिची झोप उडाली.

"ताई, सहाचा जो तुमच्या यादीत येतो ना, तो संध्याकाळ बघत नाही."

"सगळ्यांत गंभीर तोच असतो, सिस्टर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला!"

"सोमवारी एकाचे गुण चुकून जास्त भरले गेले होते. चांगला हिंडता-फिरता माणूस. तोही गेला."

तिनं हसण्यावारी नेलं आणि मग गुपचूप जुन्या याद्या तपासल्या. यादीत आलेला सहाचा एकही वाचला नव्हता.

फोन वाजला. वॉर्डातून सिस्टर बोलत होत्या.

"ताई, यादी? डॉक्टर जिन्यात आहेत."

बरोबरी झाली तर कुणाला वर काढायचं, हे तिनं कधी लिहिलंच नव्हतं. यंत्र मनाला येईल ते नाव उचलायचं. बाबा वर आले तर डॉक्टर आधी त्यांना बघतील, हे तिला कळत होतं. शिकल्यासवरल्या बाईनं असलं मनात आणावं, याची लाजही वाटली. पण जीव बाबांचा होता. तिनं एक ओळ वाढवली: गुण सारखे असतील तर आधी दाखल झालेला वर. मास्तर चार दिवस आधी आले होते. नियमावर कुणी बोट ठेवलं नसतं.

ती वर गेली तेव्हा मास्तरांच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. बाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"यादी तुम्हीच करता ना? आज यांचं नाव पहिलं आलं. तुमचं भलं होवो, बाई."

तिला हात सोडवून घेता येईना.

बाबा उशीला टेकून पडद्याकडे बघत होते. कालपेक्षा त्यांचा चेहरा बरा दिसत होता, आणि त्याचा तिला आनंद झाला.

"मास्तरांनंतर या वॉर्डात सगळ्यांत आधी दाखल झालेला मीच ना गं?" त्यांनी विचारलं.