सतरा बांध्यांची नावं

आमच्या गावच्या सतरा बांध्यांची, म्हणजे धानाच्या लहान शेततुकड्यांची, नावं आता एकट्या धुरपताबाईला येत होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दामिनी, प्राची अशा गावातल्या मुलींना घेऊन जुन्या आठवणी लिहून घेऊ लागलो. बाकी वह्या भरल्या. बांध्यांची कोरीच राहिली. अंगणात बसून बाईला एकही नाव सांगता येईना. तिच्या सासूनं तिला नवी सून म्हणून धुऱ्यावरून, दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधावरून, चालवत नेलं होतं, एकेका बांधीपाशी थांबून तिची गोष्ट सांगितली होती. तिला ते सगळं तसंच, चालत चालतच येत होतं.

"मले धुऱ्यावर न्या, गुरुजी," ती दिवाळीपासून म्हणत होती.

"कंबर बरी होऊ द्या, बाई. घाई नाही." चाळीस वर्षं मुलांनाही मी हेच सांगत आलो.

मे महिन्यात, आता या बांध्या ज्याच्या मालकीच्या होत्या त्या हेमराजनं सगळ्या एक करायला जमीन सपाट करणारी मशीन लावली. कळताच आम्ही बाईला खाटेवर बसवून उचललं. पुढे तिचा मुलगा चुन्नीलाल, मागे मी आणि दामिनी. प्राचीकडे वही.

"हळू! मेली नाही मी अजून," बाई ओरडली. मग बोटानं दाखवू लागली. "ही भांडणाची. दोघे भाऊ इथं वर्षभर बोलले नाही, पण शिदोरी एकच. ही चमेलीची. धानाचा रोवणा करता करता इथंच बाळंत झाली."

सहा नावं झाली. सातव्या बांधीचा धुरा मशीननं सपाट केला होता.

बाईला पुढचं नाव येईना. मागे नेलं, पहिल्यापासून सुरू केलं. तीनदा तिथंच अडली.

"आजी, नाव राहू दे. गोष्ट सांग," प्राची म्हणाली.

"धुराच नाही, तं कायले पुसून राहिली, पोट्टी?"

मी हेमराजकडे धावलो. हात जोडले. "दोन दिवस दे."

"मशीन लावणार म्हून दिवाळीतच सांगतलं होतं तुमाले, गुरुजी. मशीन उद्या कामठ्याले जाऊन राहिली. आन् नाव कायले पायजे, सातबाऱ्यावर गट नंबर आहे ना!"

परत आलो तर मुली ढेकळं रचत होत्या. मीही गुडघे टेकले. वीतभर उंचीचा धुरा उभा राहिला.

"असा सरळ नोहता," बाई म्हणाली.

"कोणीकडं वळत होता?"

खाटेवरून लोंबणारे पाय तिनं हलवून पाहिले. "इकडं... नाही."

आम्ही ढेकळं डावीकडे सरकवली. मग उजवीकडे. ती मान हलवत राहिली, आणि मशीन आठव्या धुऱ्याला लागली.