डॉक्टरची जबानी

मुरुम गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की डोळ्यांचा गोरा डॉक्टर शनिवार पाळतो. त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटत नसे, दवाखाना उघडत नसे. शेजारच्या धुरपदाबाईनं तर ठरवूनच टाकलं, "मारुतीचा उपास हाय!" आणि दर शनिवारी ती शेंगदाण्याचे लाडू पाठवू लागली. डॉक्टरची सोळा वर्षांची हन्ना एकदा खरं सांगायला गेली, तर बापानं डोळे वटारले. आपण यहुदी आहोत, शनिवार हा आपला विसाव्याचा दिवस आहे, हे उंबऱ्याबाहेर बोलायचं नाही अशी त्याची सक्त ताकीद होती. जर्मनीत याच एका शब्दापायी त्यांचं घर लुटलं होतं, धाकट्या काकाला रस्त्यानं फरफटत नेलं होतं. हन्नाला लाडू लई आवडायचे. खोटं मात्र घशाखाली उतरत नसे.

१९४०च्या उन्हाळ्यात निजामाचे पोलीस अमीन, म्हणजे फौजदार, दारात येऊन उभे राहिले. इंग्रजांची जर्मनीशी लढाई चालू होती, आणि जर्मन माणसं धरून छावणीत न्यायचा हुकूम निघाला होता.

"जर्मन?" धुरपदाबाई पदर खोचून मधी आली. "कायतरीच तुमचं, साहेब! शनिवारी चूल पेटवत न्हाय त्यो, मारुतीसाठी. आमच्यातलाच हाय."

झालं! बाई वाचवायला गेली आणि पार अडकवून बसली. अमीन हसले. "जर्मन, आणि हनुमानाचा भक्त? म्हणजे सोंग घेऊन राहिलाय. हेरच की हा!" शिपायानं डॉक्टरचा दंड धरला.

 हन्नाला असा संताप आला, की भीती कुठल्या कुठं पळाली. ती तरातरा आत गेली, ट्रंकेतला पासपोर्ट आणला आणि त्यावरचं लाल 'J' अक्षर अमीनसाहेबांपुढं धरलं.

"हे तिथल्या सरकारनं छापलंय. यहुदी लगेच ओळखू यावेत म्हणून. ज्यांनी आम्हाला हाकललं, त्यांची हेरगिरी करू आम्ही?"

"यहुदी? हजरत मूसांची उम्मत? आम्हीही मानतो त्या पैगंबरांची माणसं?" अमीनांचा आवाज खाली आला. "मग एवढं लपवायचं कशाला?" त्यांनी दौत मागवली. "तसं वर लिहितो. जवाब येईपर्यंत राहू दे इथंच. पण पोरीच्या जबानीवर भागणार नाही. ह्यांनी स्वतः सांगावं, पंचांसमोर. नाही तर छावणी."

गल्ली माणसांनी भरली होती. डॉक्टर जमिनीकडं बघत उभा. देश सोडल्यापासून त्यानं तो शब्द घरातसुद्धा मोठ्यानं उच्चारला नव्हता.

"बाबा, बोला," हन्ना म्हणाली. "मला माझी लाज वाटत नाही."

त्यानं मान वर केली. त्याची सगळी मराठी रोग्यांकडून उचललेली.

"म्या यहुदी," तो पुटपुटला. मग गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझा बाप यहुदी, आजा यहुदी. ही माझी पोर बी यहुदी. लिवा!"