स्वयंपाकघरातल्या चपला

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याचं ताट घेऊन मी स्वयंपाकघरातून निघाले आणि माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, भैय्याजी पूजेच्या पाटावरून ताडकन उठले.

"सुमती, पायात चपला? आजच्या दिवशी?"

"डॉक्टरनं सांगितलं, घरातही अनवाणी फिरायचं नाई. या नव्या आहेत, उंबऱ्याबाहेर गेल्याच नाई."

"काहाड त्या. नाईतर मी जेवत नाई."

देवळीच्या शाळेत तेहतीस वर्षं सातवीची पोरं सांभाळली मी. असल्या धमक्यांना भीक घालत नाही.

गेल्या वर्षी याच दिवशी मी अनवाणी राबले होते. शुगरनं तळपाय बधिर झालेले. मखराची टाचणी पायात घुसली, मला पत्ताच नाही. फरशीवर लाल ठसे उमटले, तर सगळ्यांनी हात जोडले. महालक्ष्म्यांची कुंकवाची पावलं म्हणे! खरं काय ते संध्याकाळी कळलं. जखम चिघळली आणि महिन्याभरात करंगळी कापावी लागली.

"भैय्याजी, मागच्या साली माह्या रक्तावर फुलं वाह्यली तुमी," मी म्हटलं, "अन् आज चपलेवर रागावून राह्यले?"

"जाऊ दे न, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," आमचे हे, श्रीनिवास, पुटपुटले.

"एकाच दिवसापायी गेली करंगळी."

भैय्याजी तरातरा दाराकडे निघाले. त्यांची समजूत काढायला नेहमी कांताबाई उठतात, माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांनाही दहा वर्षांपासून शुगर आहे. त्या उठल्या खऱ्या, पण नवऱ्याच्या बाजूनं निघून वरांड्यात गेल्या. आपल्या रोजच्या चपला उचलल्या, नळाखाली घासून धुतल्या, पुसल्या आणि पायात घालून सरळ आत आल्या. डावी टाच टेकवत नव्हत्या.

"जाऊबाई, टाचेले काय झालं?"

"आठ दिवस झाले. पाणी येऊन राह्यलं त्यातून. कोणालेच सांगितलं नाई, सणाचं घर म्हणून. जेवणं झाली की पाह्यजो."

"जेवणं गेली खड्ड्यात. बसा."

ताट मी बाजूला ठेवलं आणि देवीसमोरच्या पाटावर त्यांना बसवून पाय मांडीवर घेतला. टाच काळीनिळी पडली होती. भैय्याजी दारात थिजून उभे.

"उभे काऊन राह्यले?" मी ओरडले. "गाडी काढा. महालक्ष्म्या थांबतीन."