बाणाचा उजेड

“पाय मधात ठेव वो, काठावर नको! डोंगा होय हा, खाट नोहे.”

शालीकराम एवढं म्हणेपर्यंत शामकलेने नेमका काठावरच पाय दिला. डोंगा एका अंगाला कलंडला, ओंजळभर पाणी आत आलं आणि ती मटकन खाली बसली. नवं लाल लुगडं पुढून भिजलं.

“बुडवता का जी मले?”

“मी कायले बुडवू? तूच बुडवून राहिली.”

यावर ती हसली नाही, पण हसण्याच्या जवळपास आली. शालीकरामाला तेवढंही पुष्कळ होतं. त्याने बांबू तळाला रोवला आणि डोंगा ढकलला. झाडाचं अख्खं खोड कोरून केलेला तो डोंगा पुनाराम ढिवराचा. दुपारी मागायला गेला तेव्हा पुनारामाने त्याला नखशिखांत न्याहाळून घेतलं होतं. “लगनात बायकोले धड बैलबंडीत नाई बसवलं, अना आता म्हातारपनी डोंग्यात फिरवतेस गा?” असं म्हणून मग बांबूही स्वतःच काढून दिला होता.

दिवाळी होती. लढाईच्या वर्षांत फटाक्यांची दारू सगळी तोफांच्या पोटात गेली आणि गावाने नुसत्या पणत्यांवर सण काढले. यंदा लढाई संपली होती, मालगुजार ईश्वरदासजींना नातूही झाला होता, आणि दोन्ही आनंद मिळून गोंदियाहून पेट्या भरभरून आतषबाजी आली होती. लक्ष्मीपूजन उरकताच सारं गाव तलावाच्या पाळीवर लोटलं. पुढे मालगुजारांचे पाहुणे, त्यामागे बाप्ये, त्यामागे बाया. शामकला बुटकी.

“लोकाइच्या पागोट्यापल्याड मले काय दिसन?” ती सकाळी म्हणाली होती. मग सारवता सारवता, मान वर न करता, “पान्यातून पायलं तं दोनदा दिसते मनते. एकदा वर, एकदा खाली. मले नेता का?”

लग्न झाल्यापासून तिने तोंडाने मागितलेली ही पहिली गोष्ट. एकुलती एक लेक सासरी बाळंतपणात गेली, तेव्हापासून तिने सणाला अंगणात रांगोळीचं बोट ओढलं नव्हतं. अशा बाईने काही मागितलं तर नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

पण शालीकरामाने नाही म्हणायला हवं होतं. तो गावचा पाणकर होता.

तलावाखाली धानाच्या जेवढ्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, तेवढ्यांना बारीबारीने पाणी पोचवणं हे पाणकराचं काम. पाळीच्या पोटातल्या तुडुमाचं, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचं, लाकडी बूच काढायचं, पाटाला पाणी सोडायचं, वरच्या बांध्यांची तोंडं चिखलाने बुजवायची आणि ज्याची बारी त्याच्याच बांधीत पाणी नेऊन घालायचं. रात्र रात्र फावडं घेऊन पाटावर जागायचं. तलाव बांधण्यात नावाजलेल्या कोहळी जातीच्या पूर्वजांनी हा तलाव बांधला तेव्हाच एक नियमही बांधून ठेवला होता: शेवटचं पाणी आधी शेवटच्या बांधीला. वरचा माणूस काय, येता-जाता दोन घोट पितोच. तहानेने मरतो तो शेवटचा.

या गावात शेवटची बांधी देवकाबाईची. नवरा नाही, मूल नाही, जाऊबाईच्या घरात एक खोली आणि ही एवढी बांधी. यंदा हस्त कोरडा गेला होता. तुडुमाच्या खालच्या भोकापर्यंत तलाव उतरला होता आणि फार तर एका रात्रीचं पाणी शिल्लक होतं. देवकाबाईच्या धानाच्या लोंब्या निसवलेल्या. दाण्यात दूध भरायची वेळ. त्या रात्री पाणी मिळालं तर धान, नाहीतर तणस, नुसता पेंढा.

शालीकरामाने हे सगळं जाणून दिवेलागणीलाच तुडूम उघडलं होतं. देवकाबाईच्या लगेच वर दुलीचंदाची बांधी. तिचं तोंड त्याने पायाने दाबदाबून बुजवलं आणि शेजारी आपली काठी रोवली. शेंड्याला लाल चिंधी बांधलेली ही तेंदूची काठी म्हणजे पाणकराचा शब्द. काठी उभी असेपर्यंत त्या तोंडाला कोणी हात लावायचा नाही. भाऊबंदकीत डोकी फोडणारी माणसंही काठीपुढून मुकाट बाजूने जात. वीसेक वर्षं ती कोणी हलवली नव्हती. त्यामुळे शालीकरामाला वाटू लागलं होतं की राखण काठीच करते. काठीमागे आपण उभे असतो, हे तो विसरला होता. घटकाभराचा तर प्रश्न, त्याने मनाशी म्हटलं आणि तो डोंग्याकडे वळला.

पहिला बाण सर्रकन वर गेला आणि फुटला. तलावात दुसरा बाण खालून वर आला. शामकलेने डोंग्याचे दोन्ही काठ घट्ट धरले.

“अगा माय! खरंच दोन हायेत जी!”

मग चक्र्या लागल्या, अनार उसळले, आणि पाळीवरची पोरं ओरडू लागली. एक बाण वाकडा जाऊन पाण्यात सुरकांडी मारून विझला. पाणकोंबड्या फडफडत वेलींतून पळाल्या, त्यातली एक शामकलेच्या डोक्यावरून गेली, आणि शामकला हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शालीकराम आकाश सोडून तिच्याकडेच बघत बसला.

प्रत्येक बाणासरशी पाळीवरची माणसं लख्ख उजळत. त्याला मालगुजारांचा फेटा दिसला, पुनारामाचे दात दिसले, दुलीचंदाचं पिवळं पागोटं दिसलं. आपल्याला ते दिसतात तर त्यांनाही आपण दिसत असू, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. अंधारात बसून उजेड बघणाऱ्याला आपण अंधारातच आहोत असं वाटत राहतं. पुढच्या एका मोठ्या हिरव्या बाणाच्या उजेडात पिवळं पागोटं जागेवर नव्हतं. गेला असेल तंबाखू आणायला, असं त्याला वाटलं.

“जाऊ आता?” त्याने विचारलं.

“एकच पाहू अजून.”

असे पुष्कळ ‘एकच’ झाले. शेवटची ठिणगी विझली तेव्हा कुठे तो डोंगा किनाऱ्याला लावून, बायकोला घराच्या वाटेला लावून, बांध्यांकडे निघाला. कानात तिचं हसणं होतं.

पाण्याचा आवाज त्याला दुरूनच चुकीच्या बाजूने आला. दुलीचंदाच्या बांधीचं तोंड हातभर फोडलेलं होतं आणि पाणी आत खळखळत होतं. काठी मोडली नव्हती. कोणीतरी ती उपटून दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर नीट आडवी ठेवली होती, घरातलं वडीलधारं माणूस उचलून खाटेवर निजवावं तशी. शालीकरामाने फावड्याने, हाताने, छातीने तोंड बुजवलं. मग धावत तुडुमाशी गेला. भोकातून करंगळीएवढी धार येत होती. त्याच्या डोळ्यांदेखत तीही तुटली.

उजाडताच त्याने दुलीचंदाला गाठलं. दुलीचंद धुऱ्यावर बसून दातण करत होता आणि त्याच्या मागे बांधी घोटाभर पाण्याने चमकत होती.

“माई काठी कोनं उपटली?”

दुलीचंद थुंकला. “मले का मालूम? तुमी कोठं होते रातच्यान?”

शालीकरामाने फावडं या हातातून त्या हातात घेतलं. दुलीचंदाने जरा वेळ त्याची मजा पाहिली आणि मग अगदी आपलेपणाने म्हणाला, “खेकडे असतीन, शालीकभाऊ. आवंदा बहुत मातले. धुरा पोखरला असन त्याइनं.”

चोरानेच त्याच्या हातात सबब दिली आणि त्याने ती घेतली. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर त्याच तोंडाने डोंग्याचं सांगावं लागलं असतं. गावचा पाणकर शेवटच्या पाण्याच्या रात्री बायकोला घेऊन डोंग्यात बसला होता, हे! शालीकराम खाली मान घालून वळला, तर समोरून देवकाबाई येत होती.

ती आपल्या बांधीत उतरली. भेगाळलेल्या मातीवर पाय ठेवून तिने एक लोंबी चिमटीत धरून पाहिली. मग त्याच्याकडे बघितलं.

“पानी नाई आलं, भाऊ?”

“खेकड्याइनं धुरा फोडला, बाई,” शालीकराम म्हणाला. “रातभर बुजवून राहिलो. नाई आटोपलं.”

देवकाबाईने त्याच्या हातांना लागलेला चिखल पाहिला. धुऱ्यावरचं ताजं बुजवलेलं तोंड पाहिलं. फावड्याचा घाव आणि खेकड्याचं बीळ यांतला फरक त्या मुलखात शेंबडं पोरही सांगेल.

“खेकडेच असतीन जी,” ती म्हणाली आणि लोंबी सोडून दिली.

त्या दिवसापासून शालीकरामाचं अन्न गोड लागेना. शामकला मात्र सुधारली. ती शेजारणीकडे बसायला जाऊ लागली, जात्यावर पुन्हा गाणं म्हणू लागली, आणि एकदा तर तिने बोडीतून, गावाबाहेरच्या तळ्यातून, धरून आणलेल्या खेकड्यांचा झणझणीत रस्सा केला. एरवी शालीकराम त्या रश्शावर ताव मारायचा. त्या दिवशी त्याने ताट सरकवलं.

“काऊन जी? बिघडला का?”

“नाई. पोट बरं नाई.”

तिला काय सांगणार? तुझ्या हसण्याची किंमत देवकाबाईने भरली, असं? त्या रात्रीचा त्याला पस्तावा होत नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्या खोट्या शब्दाची लाज मात्र त्याला उठता-बसता खात होती. मळणीच्या दिवसांत खळ्यावर कोणी “आवंदा खेकडे जबर होते गा” म्हणायचं, दुसरा खोकल्यासारखं हसायचा, आणि शालीकराम उगाच बैलांवर ओरडायचा. देवकाबाईच्या खळ्यावरून तर तो वाट वाकडी करून जाई. तरी एकदा नजर गेलीच. ती सुपाने धान वारवत होती, आणि पायाशी रास पडायच्या ऐवजी सगळा पोचट दाणा भुशासंगे वाऱ्यावर जात होता.

संक्रांत उलटली आणि तुडुमापाशी गाव जमलं. पुढल्या सालचा पाणकर ठरवायचा हा दिवस. जुन्या पाणकराने काठी मध्ये ठेवायची आणि कोणाची तक्रार नसली तर मालगुजाराने ती पुन्हा त्याच्याच हातात द्यायची. शालीकरामाने काठी ठेवली. तिच्यापासून दोन पावलं मागे सरला. ही काठी गेली तर या गावात आपण कोण, हे त्याला सुचेना.

“एक बांधी सूख गई, ऐसा सुना,” ईश्वरदासजी म्हणाले. “देवकाबाई, बोलो. तुमचं नुकसान झालं. पाणकराची कसूर असेल तर काठी दुसऱ्याले देऊ.”

दुलीचंद जमिनीवर काडीने रेघा ओढू लागला. देवकाबाई बायांच्या मागून पुढे आली.

“खेकडेच होते जी,” ती म्हणाली. “त्याले पानकर का करन? रातभर खेकडे धरत बसन का?”

लोक हसले. मालगुजारही हसले. शालीकरामाने बोलायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण शब्दांच्या आधी छातीतला श्वास मोकळा झाला. सुटलो, असं वाटलं. आणि तसं वाटलं याचीच त्याला इतकी लाज वाटली की काठी हातात आली तेव्हा त्याला कोणाकडे बघवलं नाही.

गाव पांगलं. देवकाबाई पाळीवरून एकटीच चालली होती. शालीकरामाने तिला मागून गाठलं.

“बाई, त्या राती खेकडे नोहते.”

“मालूम हाय,” ती म्हणाली. पाय थांबले नाहीत.

“मी डोंग्यात होतो.”

“थे बी मालूम हाय. मी पारीवरच होती ना.” आता ती थांबली. तलावाकडे बघत म्हणाली, “तो मोठा बाण फुटला ना, हिरवा, तवा तुमी दोघं चकचकीत दिसले. शामकलाचा लाल लुगडा, तोंडाले पदर लावलेला. बिचारी हासून राहिली होती. पोरगी गेल्यावर पहिल्यांदा पायलं मी तिले हासताना. चांगलं वाटलं, भाऊ.”

शालीकराम तिच्या समोर आला. “मंग मी तेथं नाई, हे तुमाले दिसलं. आपल्या बांधीकडे काऊन नाई गेले तुमी?”

देवकाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिला हा प्रश्नच नवलाचा वाटलेला दिसला.

“कायले जाऊ?” ती म्हणाली. “तुमची काठी होती ना तेथं.”

आणि पदर सावरून ती पाळ उतरून गेली.

शालीकराम माघारी वळला. मग घराकडे निघाला. शामकला दारात वाट बघत असणार, काठी पाहून तिला आनंद होणार, हे त्याला ठाऊक होतं. वाट चढाची होती आणि गुडघे दुखत होते. पण घर येईपर्यंत त्याने ती काठी एकदाही जमिनीला टेकवली नाही.