फ्लॉप्यांना हळदकुंकू

नळाने घसा खाकरला आणि घरातली शांतता मोडली. पाणी नाही, नुसती हवा. माझ्या लेकीने, यशूने कूस बदलली, पुन्हा झोपली. रविवारची दुपार, ती उठेपर्यंत काय ते लिहायचं.

अंबरनाथला, आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आहे. सांभाळायचा म्हणजे आपल्याच माणसांपासून. पासवर्ड दिला की तो चिठ्ठीवर लिहून पडद्याखाली चिकटवतात. का, तर शेजारच्याचं अडायला नको. खोलीत एसी, म्हणून कोणाचे आंबेसुद्धा तिथेच. कुलूप लावलं तर आम्ही काय चोर आहोत का मॅडम, हे वर.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. कोणत्या रंगात काय किती घालायचं ती सगळी मापं कॉम्प्युटरवरून फ्लॉप्यांवर उतरवायची, दोन दोन प्रती, आणि लोखंडी कपाटात बंद.

दसऱ्याला मी रजेवर. आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, यशूला पांढरा फ्रॉक घालून विहारात न्यायचं होतं. कपाटाची किल्ली स्टोअरच्या दौलतकाकांकडे दिली. मी कामावर असताना यशूला त्यांच्या घरी भागीरथीकाकूच सांभाळतात, तेव्हा विश्वास टाकायचा तर त्यांच्यावरच. कोणालाही कपाट उघडू देऊ नका, असं बजावलं. त्यांनी कोणाला उघडू दिलं नाही. स्वतः उघडलं.

मशिनांची पूजा चालली होती. काकांनी एकेक फ्लॉपी पाकिटातून काढली आणि आतली काळी चकती जिथे उघडी दिसते, नेमकं तिथे ओलं हळदकुंकू लावलं. दोन्ही प्रतींना. एक सुटली नाही. मग सगळ्या नीट जागच्या जागी.

गेल्या आठवड्यात डिस्पॅचमधल्या एकाने गेमची फ्लॉपी आणली, तिच्यातून व्हायरस आला, कॉम्प्युटर कोरा झाला. घाबरू नका म्हणत मी सगळ्यांसमोर दिमाखात कपाट उघडलं. एकही फ्लॉपी चालली नाही.

काकांना विचारलं, तर त्यांचा चेहरा खुलला.

"वजनकाट्याला हार, आणि तुझ्या तबकड्या अंधारात. बरं दिसलं असतं का, पोरी?"

आता या माणसावर ओरडायचं कसं?

साहेबांना उद्या नाव हवंय, किल्ली कोणाकडे होती त्याचं. नाहीतर जबाबदारी माझी, आणि माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही. काकांची निवृत्ती तोंडावर आलीय. शिवाय सकाळी यशूला त्यांच्याच दारात सोडून मला कामावर जायचंय.

यशू उठलीच. एक फ्लॉपी कापसाने पुसून बघायला मी घरी आणलीय, ती तिने उचलली.

"हे कोणी लावलं?"

"दौलतआजोबांनी."

"का?"

"आईचं काम चांगलं चालावं म्हणून."

तिने कुंकवावरून बोट फिरवलं, लाल झालं का ते पाहिलं. काल मी तिच्या बाबांशी बोलत होते, ते तिने ऐकलेलं दिसतंय.

"मग साहेबांना तू त्यांचंच नाव सांगणार?"