पेल्यातून निघालेला गोळा

कल्पना करा, मुलांनो. माणसांनी खच्चून भरलेलं दालन आणि टेबलावरच्या बरणीत हातभर लांब, तपकिरी, चिवट दोरीसारखं काहीतरी. लोक ज्यांना आतडेमहाराज म्हणत, ते गरजताहेत, "या पोहणाऱ्या पोरीच्या पोटातून माझ्या चूर्णाने हे उपटून काढलं! हा मत्सर आहे, मत्सर! घरातलंच कुणीतरी जळतंय हिच्यावर."

त्या पोरीच्या आईची नजर धाकट्या लेकीकडे वळली. धाकटी एक पाऊल मागे सरकली, कारण ती ताईवर जळत होतीच. पदकं ताईला. शर्यतीआधी पोट मुरडलं की गरम पाण्याची पिशवी ताईला, आईची मांडीही ताईलाच. धाकटीला काय, तर ताईचे जुने बूट! पण म्हणजे ताईचं दुखणं आपणच केलं?

घरी आई म्हणाली, "ताईचं चूर्ण चालू आहे तोवर तू जरा लांबच बस गं."

चूर्णसुद्धा ताईलाच! आईची पाठ वळताच धाकटीने रागारागाने चमचाभर चूर्ण पेल्यातल्या पाण्यात कालवलं. तेवढ्यात आईची चाहूल लागली आणि पेला पडद्यामागे गेला. संध्याकाळी पाहते तो पाणी गायब! पेला उपडा करताच एक तपकिरी, चिवट गोळा थुलथुलत ताटलीत पडला.

"आई, हा कुणाच्या पोटातून आला?"

दुसऱ्या दिवशी ताटली थेट महाराजांपुढे गेली.

"या पोरीची नजर पाण्यालाही लागते!" महाराज ओरडले.

"मग मी कालवते," म्हणत आईने सगळ्यांसमोर चूर्ण ढवळलं. थोड्या वेळाने तस्साच गोळा! मागून कुणीतरी म्हणालं, "महाराज, आता पेल्यालाही पथ्य सांगा." हशा पिकला.

मग ताईला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि समजावलं, "चूर्णात फुगणारा भुसा आणि माती आहे. पेल्यात त्याला पेल्याचा आकार येतो, आतड्यात आतड्याचा. पण हिचं दुखणं खरं आहे हं, ढोंग नाही. मोठ्या आतड्याला जखम नाही, ते हळवं आहे. धाकधूक वाढली की आखडतं, कळ येते. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. पुष्कळांना होतं. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, काय खाल्लं की त्रास होतो यावर लक्ष आणि लागलंच तर औषध."

"आणि माझं जळणं?" धाकटीने हळूच विचारलं.

"ते दुसऱ्याच्या आतड्यात शिरत नाही, बाळ. कुणी कितीही मोठ्याने सांगो, आधी तपासून बघायचं."

धाकटीने ते मनावर घेतलं. पुढच्या शर्यतीआधी ती म्हणाली, "ताई, आज मी तुझ्यावर भरपूर जळणार आहे."

"जळ की!" ताईने पाण्यात सूर मारला.

धाकटीने दात-ओठ खात जळायला सुरुवात केली. पण ताई सुसाट निघाली, आणि जळायचं सोडून धाकटी बाकावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडू लागली, "मार हात, ताई! मार!"