घरच्यांचा हात

बापाने स्वतःच्या पोराच्या पदकाला नंबर लावला होता. दोनशे चौदा. खाकी पुठ्ठ्याची चिठ्ठी, पांढरा दोरा आणि त्याचं ते टोकदार अक्षर : 'पदक, इराक, २००४, मागे नाव कोरलेलं, पेटीसकट.' दोनशे तेरा नंबरला कुठल्याशा जुन्या युद्धातला पाण्याचा चंबू. दोनशे पंधराला घोडदळाच्या खोगिराचा पट्टा. मधे डेनी.

डेनी माझा धाकटा भाऊ. इराकमधल्या फलूजात मेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. सरकारकडून जांभळ्या फितीचं पदक आलं, जखमी होणाऱ्याला आणि मरणाऱ्याला देतात ते. आईने ते एकदा हातात घेतलं, पुन्हा शिवली नाही. बापाने ते तळघरात नेलं. तिथे त्याच्या एकशे चाळीस बंदुका होत्या, तलवारी, संगिनी, ढोल, दारूची शिंगं, काडतुसांच्या कातडी पेट्या. तिथल्या काचेच्या कपाटात त्याने पदक ठेवून दिलं. आम्हाला वाटलं, दुःख करतोय म्हातारा, करू दे. चिठ्ठी पेटीच्या खालच्या बाजूला होती. एकोणीस वर्षं ती कुणी वाचली नाही.

बाप मेला आणि मृत्युपत्र निघालं. त्यात कामाचं वाक्य एकच : माझ्या हातची चिठ्ठी असलेली प्रत्येक वस्तू जाहीर लिलावात विकावी, किमान भाव ठेवू नये, फोनवरून बोली नको, कॉम्प्युटरवरून नको, ज्याला हवं त्याने येऊन उभं राहावं. माझा थोरला भाऊ रॉइस, त्याला कारभारी नेमलं होतं. मी त्याला फोन केला.

"दोनशे चौदा काढून घे," मी म्हटलं.

"नाही काढता येत."

"रॉइस, ते डेनीचं आहे."

"मला माहीत आहे कुणाचं आहे, ट्वायला. चिठ्ठी आहे ना त्यावर? जाहिरातीतही छापून गेलंय. वृद्धाश्रमवाले बापाचं बिल घेऊन बसलेत, तीन वर्षांचं. त्यांचा वकील एकेक नग मोजतोय. उद्या एक कमी निघाला तर मी कोर्टात उभा राहू?"

"मग मी काय करू?"

"बोली लाव. सगळे लावतात तशी."

बिल भागून आमच्या हाती काही उरणार नव्हतं हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी शाळेची बस चालवते. बँकेत अकराशे डॉलर होते. ते काढले, पाकिटात घातले. रडू आलं नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. पैसे काढल्यावर बँकेतल्या मुलीने विचारलं, "काही खास?" मी म्हटलं, "नाही."

लिलाव जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये होता, जिथे ऑगस्टात डुकरांचं प्रदर्शन भरतं. नोव्हेंबरातही तो वास जात नाही. चर्चच्या बायकांनी दाराशी टेबल लावलं होतं, कॉफी, मटणाच्या खिम्याचे पाव, भोपळ्याची गोड पाई. दोन-अडीचशे माणसं. निम्मी आमच्याच काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली, निम्मी बाहेरची. बाहेरचे म्हणजे व्यापारी. त्यांची बोटं बघून ओळखू येतात. बंदूक उचलताना ते लोखंडाला हात लावत नाहीत, घाम लागतो म्हणून लाकूड धरतात.

लिलाव पुकारणारा व्हर्जिल आम्स्टुट्झ. माझ्या लग्नात नाचला होता, माझ्या घटस्फोटानंतर त्यानेच आमचं फर्निचर विकलं. सुरू व्हायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, काय हवंय ते माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय. घरच्यांचा हात वर गेला की हा हॉल आपले हात खिशात घालतो, कुणी बोली चढवत नाही. पन्नास वर्षं बघतोय मी. बाहेरचे व्यापारीसुद्धा. त्यावर जो बोली चढवेल त्याची गाडी भरायला इथलं कुणी येत नाही, पुढच्या वेळी कुणी त्याला दार उघडत नाही. त्यांना हे पक्कं माहीत आहे. दहा डॉलर म्हण, मी हातोडा मारतो."

"बरं."

"पण एकदाच हां, ट्वायला. एकदा घरची. दुसऱ्यांदा हात वर केलास तर तू गिऱ्हाईक. मग मी काही करू शकत नाही."

"एकच तर हवंय."

"झालं तर मग," तो म्हणाला आणि पाई खायला गेला.

मी टेबलांमधून फिरत होते. त्र्याऐंशी नंबरपाशी एक काळी बाई उभी होती. माझ्याच वयाची, नर्सचे पांढरे बूट घातलेले, कामाच्या कपड्यांतच आलेली. तिच्यासमोर यादवी युद्धातली ठासणीची रायफल. दस्त्यावर चाकूने कोरलेलं : आय. टॉलिव्हर.

"हात लावला तर चालेल?" तिने मला विचारलं.

"लावा. सगळे लावतायत."

तिने नावावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू हार्लन स्ट्रूपची मुलगी. त्या दिवशी गाडीत बसली होतीस. नारिंगी टोपी."

बसले होते खरी. अकरा वर्षांची होते. बाप तिच्या ओसरीवर उभा होता, टोपी हातात घेऊन. कुणाला लुबाडायचं असलं की तो टोपी काढायचा.

"मी दारामागून बघत होते. मी लव्हीनिया," ती म्हणाली. "आयझॅक टॉलिव्हर माझ्या आईचा पणजोबा. काळ्या शिपायांच्या पलटणीत होता. युद्ध संपल्यावर पगारातून सहा डॉलर कापून घेऊन त्यांनी ही त्याला घरी नेऊ दिली. तुझ्या बापाने आईला चाळीस दिले. म्हणाला, गंजलीये, एखाद्या पोराच्या हातात फुटेल, मी घेऊन जातो, तुमची काळजी मिटेल. आई त्याला वर लिंबाचं सरबत द्यायला निघाली होती."

"प्यायला असणार."

"दोन ग्लास." ती हसली. "मी सहाशे आणलेत. पुरतील?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "काळ्या पलटणीची, नाव कोरलेली. आजकाल संग्रहालयं मागे लागतात अशा बंदुकांच्या. तीन हजार. चारही जातील."

"असं?" ती म्हणाली. "बघू. बघायला तर पैसे पडत नाहीत."

व्हर्जिलने सुरुवात केली. तो पुकारतो तेव्हा शब्द कळत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते आणि मधेच आकडा. ऐंशी बंदुका दीड तासात गेल्या. बापाने एकेकीसाठी आईची सुट्टी, आमची सहल, डेनीच्या दातांच्या तारा खाल्ल्या होत्या. मी बघत होते. धान्याची पोती जावीत तशी चालली होती. मला वाटलं, आता तरी काहीतरी वाटेल. पायाला गार लागत होतं, एवढंच.

त्र्याऐंशी आला.

दोनशेवर लव्हीनियाने बोलीच्या नंबराची पाटी वर केली. अडीचशे केंटकीहून आलेल्या पिकन्सने. हा पिकन्स मोठा व्यापारी, स्वच्छ दाढी, मऊ आवाज. तीनशे तिने. साडेतीनशे त्याने. तो तिच्याकडे बघतही नव्हता, पाटी गुडघ्यावर ठेवून नुसती दोन बोटं उचलत होता. बाकीचे गप्प होते, कारण ते चार आकड्यांची वाट बघत होते. चारशे तिची. पाचशे त्याची. साडेपाचशे तिची. सहाशे त्याची.

तिची पाटी खाली आली. चेहऱ्यावर काही नाही. ती पर्समध्ये पाटी ठेवायला लागली, जणू ती घरी न्यायची वस्तू होती.

व्हर्जिलने मागच्या रांगांकडे हात फिरवला. "सहाशे, सहाशे, कोण सातशे..."

माझा हात वर गेला.

मी विचार केला होता असं सांगितलं तर ते खोटं होईल. चांगुलपणाही नव्हता. बसचं दार उघडायचं बटण आपण दाबतो, तसा तो गेला.

"सहाशे दहा," मी म्हटलं.

व्हर्जिल थांबला. त्याची घरघर थांबली की हॉलला कळतं. हीटरचा आवाज ऐकू आला.

"ट्वायला," तो माइकमधूनच म्हणाला, "हा त्र्याऐंशी आहे."

"वाचता येतं मला."

लोकांचे हात खिशात गेले. खरंच गेले, एकामागून एक. मागे उभे असलेले दोघे व्यापारी माना खाली घालून बूट बघायला लागले. पिकन्स उठला. "आम्स्टुट्झ, ही घरची वस्तू नाही. या बाई ती त्या दुसऱ्या बाईसाठी घेतायत, सगळ्यांना दिसतंय."

"हार्लनच्या तळघरातली आहे ना?"

"असेल, पण..."

"मग घरची. पुढे जाणार आहात का, साहेब? सांगा. मी आकडा घ्यायला तयार आहे."

पिकन्सने हॉलभर बघितलं. मग खाली बसला. हातोडा पडला.

रॉइस भिंतीपाशी होता, तो माझ्याकडे जवळजवळ धावत आला. "डोकं फिरलंय तुझं? चार हजारांची बंदूक! वकील बसलाय तिथे."

"किमान भाव ठेवू नये. बापानेच लिहिलंय."

"आणि डेनी?"

मी पाकीट उघडून पैसे मोजायला लागले.

"तुला एक संधी होती, ट्वायला. एक! तू ती घालवलीस. कुणासाठी? ओळख ना पाळख."

"ओळख आहे," मी म्हटलं. "आपला बाप तिच्याकडे सरबत प्यायला होता."

तो शिवी देऊन गेला. लव्हीनिया आली, सहाशे डॉलर माझ्या हातात ठेवले, पर्सच्या तळातून दहा शोधायला लागली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "तुला काहीतरी दुसरं घ्यायचं होतं का? सगळे तुझ्याकडे असे बघतायत."

"नाही," मी म्हटलं.

तिला दुपारची ड्युटी होती. रायफल चादरीत गुंडाळून ती गेली. मी बसून राहिले. तलवारी गेल्या, ढोल गेले, टोप्या, बटणं, एका सर्जनची करवत. अडीच वाजता व्हर्जिल पाणी प्यायला आणि म्हणाला, "दोनशे चौदा."

पेटी कुणी वर धरून दाखवली नाही. त्याने ती स्वतःच्या हातात ठेवली. म्हणाला, "मंडळी, हे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"पन्नास," मी म्हटलं.

काउंटीतल्या एकानेही हात हलवला नाही. चर्चच्या बायका टेबल सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. व्हर्जिलचा हातोडा अर्ध्यावर आला होता. त्याने घाई केली, मी बघितलं. पण पिकन्सने आधीच दोन बोटं वर केली होती.

"शंभर."

"साहेब," व्हर्जिल म्हणाला.

"सकाळी मी तुमचा नियम पाळला. नियम एकदाच चालतो, असं तुम्हीच सांगता ना? शंभर."

मागून कुणीतरी म्हणालं, "नालायक." कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलतोय तो." दुसरा आवाज आमच्या शेजाऱ्याचा होता, ज्याच्या पोरांना मी रोज शाळेत सोडते.

दोनशे. तीनशे. चारशे. सहाशे. माझा आवाज बाहेर येत होता, सारखाच. आठशे. हजार, तो म्हणाला. मी म्हटलं, "एक हजार नव्वद." तेवढेच उरले होते.

"बाराशे."

मी रॉइसकडे बघितलं. तो बुटांच्या नाड्या बघत होता. व्हर्जिल म्हणाला, "एकवार," आणि थांबला. चष्मा काढला, पुसला, घातला. "दोनवार." पुन्हा थांबला. एवढा वेळ तो कुणाला देत नाही. कुणी पाकीट काढलं नाही. हॉलमध्ये माझ्या ओळखीची शंभर माणसं होती. त्यातले तीस जण डेनीबरोबर शाळेत होते. हात खिशात घालणं त्यांना जमत होतं, खिशातून काढणं नाही.

हातोडा पडला.

मी रायफलीचे पैसे भरून पावती घेत होते, तेव्हा पिकन्स शेजारी आला. टोपी डोक्यावरच होती, हे मी त्याच्या बाजूने सांगते.

"बाई, मी वाईट माणूस नाही. माझा धंदा आहे."

"बरं."

"एक विनंती होती. तुम्ही बहीण ना त्यांची? चार ओळी लिहून द्याल? हे त्यांचंच आहे, तुम्ही सख्ख्या बहीण, खाली सही. कागद असला की गिऱ्हाईकाला भरवसा वाटतो. नसला तर काय, लोक पेटी वेगळी विकतात, फीत वेगळी. नाव घासून काढणारेही आहेत."

"कागद असला की भाव वाढतो ना?"

"वाढतो," तो म्हणाला. "पाचशे तरी. खोटं कशाला बोलू? त्यातले शंभर मी तुम्हाला आत्ता देतो."

"नको."

"लिहिणार नाही?"

"पैसे नको. कागद दे."

त्याने कागद दिला, पेन दिलं. मी काउंटरवर वाकून लिहायला लागले. डेनिस हार्लन स्ट्रूप. जन्मतारीख. मेल्याची तारीख. गाव. मी त्याची सख्खी बहीण.

"कसा होता, तेही दोन शब्दांत लिहा," पिकन्स हळू आवाजात म्हणाला. "लोक विचारतात. हसरा होता, शूर होता, असं काही."

मी विचार केला. हसरा होता का, ते आठवेना. शेवटचा घरी आला होता तेव्हा मीच त्याला बूट घेऊन दिले होते, सैन्याचे चावतात म्हणाला म्हणून. मी लिहिलं : पायाचा नंबर साडेदहा, डावा पाय थोडा मोठा.

पिकन्सने कागद फिरवून वाचला. "हे कशाला?"

"एवढंच नक्की माहीत आहे," मी म्हटलं, आणि खाली सही केली.